शब्दचर्चा: उत्प्रेरक 'भाग न घेता' वेग वाढवतो का?

विचारणा
धातूंच्या ऑक्साइडांवर वायूंचे ऑक्सिडीकरण कसे होते, यावर मराठीत टिपण लिहिते आहे. 'उत्प्रेरक' हा शब्द पक्का आहे. अडते ते त्याच्या रूढ व्याख्येपाशी: 'अभिक्रियेत भाग न घेता तिचा वेग वाढवणारा पदार्थ'. सिरियम किंवा कोबाल्टच्या ऑक्साइडला ती लागू पडते का? आणि 'पृष्ठभाग' एवढ्या एका शब्दावर भागेल का?

प्रतिसाद
'भाग न घेता' हे शब्द गाळाच. मार्स आणि व्हान क्रेव्हेलेन या संशोधकांनी १९५४ मध्ये मांडलेली यंत्रणा पाहा. सिरियम डायऑक्साइडवर बसलेला कार्बन मोनॉक्साइडचा रेणू स्फटिकाच्या जालकातलाच, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीतलाच, ऑक्सिजन उचलतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. मागे एक जागा रिकामी राहते, जवळच्या सिरियमचे क्षपण होऊन (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून) त्याचा प्रभार +४ वरून +३ वर येतो. मग हवेतला ऑक्सिजन ती जागा भरतो. याहून अधिक भाग उत्प्रेरक काय घेणार?

याला प्रयोगाचाही आधार आहे. बिस्मथ मॉलिब्डेटवर प्रोपीनपासून अक्रोलीन बनवताना वायूतून ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड, ओळखता येणारा प्रकार) दिला, तरी सुरुवातीच्या अक्रोलीनमध्ये बहुतांशी नेहमीचा ऑक्सिजन-१६ सापडतो. तो जालकातूनच आलेला असतो.

प्रतिसाद
शाळेत 'भाग न घेता' याचा अर्थ 'खर्च न होता' असाच घेतात. एवढे ताणायला नको.

प्रतिसाद
मग 'खर्च न होता' असेच लिहावे, तेवढ्याने व्याख्या बरोबर होते. भागच घेत नाही म्हटले की पृष्ठाची रचना कशी आहे हा प्रश्नच विद्यार्थ्याच्या मनात येत नाही, आणि या विषयाचा गाभा तर तोच आहे.

म्हणून 'पृष्ठभाग' पुरत नाही, सोबत 'फलक' हवा. एकाच ऑक्साइडचा स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी उघडा पडला की वर येणारी अणूंची मांडणी बदलते. असा प्रत्येक उघडा पृष्ठ म्हणजे फलक, आणि कंसातले आकडे त्याची दिशा सांगतात. सिरियम डायऑक्साइडच्या (१११) फलकावर ऑक्सिजन घट्ट धरलेला असतो, (११०) फलकावरून तो सहज सुटतो. कोबाल्ट ऑक्साइडचे उदाहरण मला फार आवडते. (११०) फलक मोठ्या प्रमाणात उघडा असलेल्या त्याच्या नॅनोदंडांवर कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण उणे ७७ अंश सेल्सियसलाही होते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या फलकावर +३ प्रभाराचे कोबाल्ट अधिक असते, हे त्या संशोधकांनी दिलेले कारण. पदार्थ तोच, फलक निराळा. 'कोबाल्ट ऑक्साइडच्या पृष्ठभागावर अभिक्रिया जलद होते' या वाक्यात नेमके हेच हरवते.

रिकाम्या जागेला 'पोकळी' म्हणू नये, त्याने मोठे छिद्र डोळ्यांपुढे येते. इथे एकच अणू गेलेला असतो, तेव्हा 'ऑक्सिजन-रिक्ती' बरे.

विचारणा
आणि 'शोषण' की 'अधिशोषण'?

प्रतिसाद
अधिशोषण. रेणू वरच बसतो, आत मुरत नाही. टिपणात ओलाव्याचा उल्लेख असेल तर हा भेद लागेलच: मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडांचे मिश्रण असलेले हॉपकॅलाइट हे उत्प्रेरक दमट हवेत मंदावते, कारण अधिशोषित झालेले पाणी क्रियाशील जागा अडवून बसते.