मदत हवी आहे: छपराच्या लाकडी पुलाची कुजलेली तुळई

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये राहते. आमच्या गावात एकोणिसाव्या शतकातला छपराचा लाकडी पूल आहे. इथिएल टाउन या अमेरिकन वास्तुविशारदाने 1820 मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीचा: तिरक्या फळ्यांची उभी जाळी आणि फळ्या एकमेकींना छेदतात तिथे ओकच्या खुंट्या. छप्पर आहे ते ही जाळी कोरडी राहावी म्हणून. उघडा पूल पंधरा-वीस वर्षांत कुजायचा. कनेटिकट नदीवरचा विंडसर-कॉर्निश पूल, सुमारे 450 फूट लांबीचा, छपरामुळेच 1866 पासून टिकलाय आणि आजही त्यावरून गाड्या जातात.

आमच्या पुलाची जाळी खणखणीत आहे. पण खालची तुळई दोन्ही टोकांना जिथे दगडी पायावर टेकते, तिथे चाकांबरोबर आलेली वाळू आणि पालापाचोळा साचून लाकूड कायम ओलं राहिलं. आता स्क्रूड्रायव्हर बोटभर आत जातो.

समितीत काहींचं म्हणणं, खालून पोलादी गर्डर टाकून मोकळं व्हावं. म्हणजे जाळी नुसती दिसायला उरणार. मला ते अजिबात पटत नाही. दीडशे वर्षं भार वाहिलाय तिने! मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभेत मतदान आहे, त्याआधी मला नीट बोलता यायला हवं.

वाड्यांची किंवा कोकणातल्या जुन्या घरांची दुरुस्ती कुणी केली आहे का? खांबाचा कुजलेला पाय कापून नवं लाकूड सांधतात, ते मी आजोळी पाहिलंय. पण खांबावर दाब असतो आणि या तुळईत ताण. टोकाशी ताण कमी असतो हे खरं, तरी तिरका सांधा किती लांब ठेवावा? खुंट्या पुरतील की बोल्ट लागतीलच?

दुसरं, बांबूला देतात तसं टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी इथे द्यावं का? ते पाण्याने धुऊन जातं, म्हणून आधी माती काढून तुळईखाली हवा खेळती करायची असा माझा विचार आहे.

संपादन: ‘आज नवा पूल असा कोण बांधतं?’ असं एकांनी विचारलंय. इथल्याच, व्हरमाँटमधल्या बार्टन्सव्हिल गावचा 1870 चा पूल 28 ऑगस्ट 2011 ला आयरीन वादळाच्या पुरात वाहून गेला. लोकांनी त्या जागी पुन्हा लाकडी जाळीचाच बांधला, 2013 मध्ये तो सुरू झाला. सांध्याचे फोटो आज संध्याकाळी टाकते.