सिंगल अ‍ॅक्शन रीळ म्हातारचळ नाही, आधी वापरून बघा मग बोला

सरेकर_आबा:
परवा एकाने ठासून लिहिलं की सॅमनच्या ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या बोटीमागे गरी ओढत मासा धरायला, सिंगल अ‍ॅक्शन रीळ म्हणजे म्हाताऱ्यांचं खूळ, व्हँकुव्हरला नव्याने आलेल्याने सरळ गिअरवालं, किती दोरी सोडली ते दाखवणारं लाइन काउंटरवालं रीळ घ्यावं आणि मोकळं व्हावं. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. अरे बाबांनो, त्या रिळात बिघडायला आहे काय? मूठ एकदा फिरली की स्पूल एकदा फिरतं, मध्ये गिअर नाही. खारं पाणी शिरलं तर धक्क्यावरच उघडायचं, गोड्या पाण्याने धुवायचं, झालं. माझ्या गिअरवाल्या रिळात दुसऱ्याच सीझनला मीठ धरलं आणि दोरी डावीउजवीकडे नेणारा तो भाग जाम झाला, तेही ऐन ऑगस्टमध्ये! आणि काउंटरचं काय कौतुक, खोली दाखवायला डाउनरिगरवर, म्हणजे वजन लावून गरी खोल नेणाऱ्या यंत्रावर, काउंटर असतोच की. पॉइंट अ‍ॅटकिन्सनच्या दीपगृहासमोर एकदा मासा लागून डाउनरिगरची दोरी धरणारी क्लिप सुटली, वाकलेला रॉड ताडकन सरळ झाला, मी भराभर ढील गोळा केली आणि पुढच्या क्षणाला मूठ उलटी अशी गरगरली की दिसेनाशी झाली. तळवा स्पूलच्या कडेवर हलकेच टेकवला. चिनूक, सॅमनातला मोठा, मान झटकतो ना, तो एकेक झटका तळव्यात कळत होता. गिअरमधून हे येत नाही.

बर्नबीचा_पक्या:
आबा, मीच लिहिलं होतं ते आणि अजूनही तेच म्हणतो. इथले लोक या रिळाला नकल-बस्टर, म्हणजे बोटांची पेरं फोडणारं, म्हणतात ते उगाच नाही. माझ्या बायकोने पहिल्यांदाच रॉड धरला, कोहो (हाही सॅमनच) पळाला, मूठ सोडायचं तिला सुचलंच नाही, बोटांची सालं निघाली, त्यानंतर दोन वर्षं बोटीवर पाय ठेवला नाही तिने. आणि हिशोब करा, साडेचार इंच व्यासाचं स्पूल काठोकाठ भरलं तरी एका फेऱ्यात जेमतेम 14 इंच येतं, म्हणजे 100 फूट ओढायला 85 च्या वर फेरे. गिअरवाल्यात एका फेऱ्यात 20 इंचांच्या वर सहज येतं. ब्रिटिश कोलंबियात सॅमनला बिनकाट्याची, म्हणजे टोकाशी उलटा काटा नसलेली, गरी सक्तीची आहे, चिनूक उलटा बोटीकडे धावला आणि दोरीला ढील पडली की गेला तो. माझे तीन गेलेत असे. तीन!

मालवणकर_रिचमंड:
कसलं रीळ घेऊन बसलात. आम्ही देवबागला नुसता तंगूस, म्हणजे गरीची दोरी, हातात धरून गरवायचो, गरीला कोळंबी लावायची, बोटाला चिंधी गुंडाळायची. असे रावस काढलेत. रावस म्हणजे सॅमनच तो, तेव्हा आम्हाला शिकवू नका.

तुषार_व्हिक्टोरिया:
रावस सॅमन नाही!! किती वेळा सांगायचं. दुकानदारांनी इंडियन सॅमन नाव चिकटवलं म्हणून तो सॅमन होत नाही. रावसाच्या छातीच्या परांखाली मिशांसारखे चार-चार धागे असतात ते बघितलेत कधी? सॅमनला ते नसतात, उलट त्याच्या पाठीवर शेपटीजवळ एक बारका मांसल पर असतो, जो रावसाला नसतो. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या कोहोचा तोच पर कापलेला असतो, तो बघूनच ठेवायचा की सोडायचा ते ठरतं. पॅसिफिक सॅमन नदीत चढतो, अंडी घालतो आणि मरतो, रावस असलं काही करत नाही.

मालवणकर_रिचमंड:
आमची आजी रावसच म्हणायची, तिला पर मोजायची गरज पडली नाही. तुम्ही लोक दोन पुस्तकं वाचून कोकणच्या माणसाला मासे शिकवता याचाच राग येतो.

तुषार_व्हिक्टोरिया:
आजी रावसाला रावस म्हणायची, बरोबरच म्हणायची. सॅमन तुम्ही म्हणताय.

सुलेखा_सिएटल:
भांडा खुशाल, पण सॉकाय सॅमनच्या लालभडक तुकड्यांना रावसाचं वाटण घालू नका एवढंच सांगते. सॅमनला तेल फार, नारळाच्या दुधात जड होतं. चिंच, तिखट आणि तिरफळं घालून पातळ तिकलं करा.

मालवणकर_रिचमंड:
तिरफळं बांगड्याला ताई. पण ठीक आहे, सॅमनचा रस्सा मलाही कधी रावसासारखा लागला नाही, हे मान्य करतो. वेगळा असेल मासा.

सरेकर_आबा:
रिळावर या रे! व्हिक्टोरियात पीट्झची लाकडी रिळं 1925 पासून बनतायत, ती काय वेड्यांनी विकत घेतली?

बर्नबीचा_पक्या:
मग कॅम्पबेल रिव्हरच्या टायी क्लबात सॅमन धरायला वल्हवतात तशी होडीही वल्हवा ना आबा, 1924 पासून तेही चालू आहे. जुनं म्हणजे चांगलं हा मुद्दा होत नाही. हां, मीठ धरण्याचं खरं आहे, माझंही रीळ यंदा करकरतंय, उघडायला गेलो तर एवढे बारीक पार्ट निघाले की तसंच बंद केलं.

सरेकर_आबा:
मग मीही एक मान्य करतो. नवख्याच्या हातात पहिल्याच दिवशी सिंगल अ‍ॅक्शन देऊ नये, आणि दिलंच तर कोणीतरी शेजारी उभं राहावं. मासा पळाला की मूठ सोडायची, थांबला की गुंडाळायचं, हे हाताला कळायला माझाही अख्खा एक सीझन गेला. शनिवारी धक्क्यावर ये, तुझं करकरणारं रीळ उघडून देतो. बायकोलाही आण, बोट सोडायच्या आधी मी दोरी ओढतो आणि तिने मूठ सोडायचा सराव करायचा.

बर्नबीचा_पक्या:
विचारतो तिला. हो म्हणेल असं वाटत नाही. मी येतो, रीळ मात्र माझंच वापरणार.

मालवणकर_रिचमंड:
मासा लागला तर त्याचं डोकं फेकू नका, मला कळवा.