देवमाशांचं कॉर्टिसोल मोजतात तरी कसं?

नाशिकची लॅबताई:
कॉलेज रोडजवळच्या एका लॅबमध्ये मी अकरा वर्षं रक्त काढतेय. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तपासायचं असलं की पेशंटला सकाळी आठलाच बोलावतो, कारण संध्याकाळपर्यंत ते उतरतं. सुई बघून घाबरलेल्याला आधी बसवते, पाणी देते, हात गरम होऊ देते. दिवाळीत तारकर्लीला एकाच डॉल्फिनच्या कळपामागे सात-आठ बोटी लागलेल्या पाहिल्या. लेक म्हणाली, "आई, त्यांना टेन्शन येत नसेल?" तेव्हापासून डोक्यातून जात नाही. पकडून रक्त काढलं, तर पकडण्यानेच आकडा चढणार ना?

हर्णैकर:
ताई, नेमकं तेच होतं, काही मिनिटांतच चढतो. म्हणून मोकळ्या समुद्रातल्या देवमाशांची विष्ठा गोळा करून त्यातलं हार्मोन मोजतात. उत्तर अटलांटिकच्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांची विष्ठा वर तरंगते. शिकवलेला कुत्रा बोटीच्या टोकावर उभा राहून वास घेत दिशा दाखवतो. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर कॅनडाच्या बे ऑफ फंडी या उपसागरात जहाजं कमी झाली, पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलने उतरला आणि विष्ठेतलं ताणाच्या हार्मोनचं प्रमाणही घसरलं. तो अभ्यास २०१२ मध्ये छापून आला.

लॅबताई:
वाचून अंगावर काटा आला. पण एकट्या कॉर्टिसोलवरून आम्ही काही ठरवत नाही. उपाशी प्राण्याचंही वाढेल. बोटींमुळे की भुकेमुळे, हे कसं कळणार?

हर्णैकर:
त्यासाठी सोबत टी३ बघतात. अन्न कमी पडलं की थायरॉइडचं हे हार्मोन उतरतं, नुसत्या धास्तीने तसं होत नाही. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ओर्का या काळ्या-पांढऱ्या शिकारी देवमाशांमध्ये तर बोटींची गर्दी सर्वात जास्त असतानाच ताणाचं हार्मोन कमी सापडलं, कारण त्याच दिवसांत त्यांचं खाणं असलेला चिनूक सामन मासा भरपूर असतो. बोटी निर्दोष असा याचा अर्थ नाही. पोट रिकामं असताना त्या जास्त छळतात.

सागरवेडी:
कानातला मळही वापरतात! देवमाशाच्या कानात तो थरावर थर साठत जातो, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखा. २० देवमाशांच्या मळातून शंभराहून अधिक वर्षांचं कॉर्टिसोल काढलं. १९६० च्या दशकातल्या शिकारीच्या काळात ते शिखरावर होतं.

लॅबताई:
टी३ तर आम्ही रोज लावतो! विष्ठेचा नमुना बोटीवर लगेच बर्फात ठेवत असतील ना?

हर्णैकर:
हो, आणि नंतर गोठवून वाळवतात, म्हणजे पाण्याच्या कमी-जास्तपणाने हिशोब चुकत नाही.

लॅबताई:
लेकीला आत्ताच वाचून दाखवलं. ती विचारतेय, तो कुत्रा बोटीवर घाबरत नाही का?