‘पुतळ्यांना एक रुपयाही नको’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पांझराकाठ (धुळे): काल इथे एकाने लिहिलं, “पुतळे, स्मारकं, नाट्यगृहं यांवर पालिकेने एक रुपयाही घालू नये. आधी गटारी करा.” वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार खेड्यातून मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात गेले. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा त्यांनी घडवला, त्याच्या कितीतरी आधी गांधीसागर धरणावरची ४५ फुटी चंबळदेवी. अशी कामं सरकारी पैशाशिवाय उभी राहतात का? गटारी हव्यातच. पण गटार झाली की गाव झालं, असं मी मानत नाही.

वाघूर (जळगाव): भाऊ, सुतारांचं नाव पुढे करून आमचं तोंड बंद करू नका. तेवढ्या तोलाचा माणूस किती पालिका बोलावतात? निविदा निघते, कमी दरवाला ठेकेदार काम उचलतो. मालवणचा शिवरायांचा पुतळा विसरलात? ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण, २६ ऑगस्ट २०२४ ला पुतळा जमिनीवर. नऊ महिनेही टिकला नाही.

पांझराकाठ: मालवणला हलगर्जी झाली, कबूल. म्हणून तर मातीचा नमुना कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यायचा असतो. रस्ता पहिल्या पावसात उखडतो, तेव्हा ‘रस्त्यांचा निधी बंद करा’ असं तुम्ही लिहिता का?

तापीपार (नंदुरबार): आमच्याकडे स्वातंत्र्यलढ्यातल्या हुतात्मा शिरीषकुमारचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला गोळी लागली, तेव्हा तो शाळकरी पोर होता. माझ्या मुलीने तिथे उभं राहून विचारलं, “एवढा लहान होता?” त्या प्रश्नासाठी पालिकेने खर्च केला तर मला चालेल.

वहीकार (पाचोरा): पुतयाले भूक लागत नही, मानूसले लागस. माझे काका वहीगायनाच्या (आपल्या खानदेशी लोकगाण्यांच्या) मंडळात डफ वाजवायचे. वृद्ध कलावंतांच्या मानधनाला अर्ज केला, तर म्हणे इतकी वर्षं कला केल्याचे पुरावे आणा, कात्रणं आणा. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवात रात्री गाणाऱ्याला पावती कोण देतं? अर्ज परत आला.

वाघूर: पुरावा मागितला नाही तर उद्या सगळा तालुका कलावंत होईल. आमच्या गल्लीत एक जण मानधन घेतो, त्याला कोणी गाताना ऐकलेलं नाही.

वहीकार: म्हणजे तुमच्या गल्लीतल्या लबाडाची शिक्षा माझ्या काकांना? बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ओव्या उतरवून घेतल्या नसत्या तर काय दाखवलं असतं त्यांनी? त्या १९५१ ला गेल्या, पहिलं पुस्तक आलं १९५२ ला. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. आज त्या अर्ज घेऊन आल्या असत्या तर त्यांनाही कात्रणं मागितली असती!

वाघूर: बहिणाबाईंना मध्ये आणू नका.

वहीकार: का नको? जळगावात राहून एवढं झोंबतं का?

तापीपार: दादा, जरा सबुरीने. तालुक्याला दोन जाणकार नेमून त्यांच्यासमोर गायला लावा. पाच मिनिटांत कळतं कोण वहीवाला आणि कोण नाही.

वाघूर: हे पटतं. नंदुरबारच्या स्मारकालाही माझी हरकत नाही. पण नव्या पुतळ्यांचा पैसा आधी मानधनाला द्या. उरला तर बघू.

पांझराकाठ: तसं होत नसतं. मानधन राज्य सरकार देतं, २०२४ पासून महिना ५००० रुपये. चौकातला पुतळा पालिकेचा. तुम्ही पुतळा अडवलात म्हणून काकांच्या हातात एक पैसा पडणार नाही.

वहीकार: मग पालिकेने श्रावणात वहीची मंडळं बिदागी देऊन चौकात बोलवावीत. पावती फाडावी, फोटो काढावा. काकांना पुढच्या अर्जाला तोच पुरावा होईल.

वाघूर: याला माझा होकार. पुतळ्याला अजूनही नाही.

पांझराकाठ: बिदागीचा ठराव आपण तिघं मिळून देऊ. पुतळ्यावर मी हटणार नाही.