दिवा निवडताना वॅट, लुमेन की सीआरआय?

सांजवात
आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सासूबाई भरतकाम करतात आणि रात्री त्यांना मरून व तपकिरी, किंवा गडद निळा व काळा धागा वेगळा ओळखता येत नाही. तिथला दिवा बदलण्यासाठी मी 9 वॅटचे दोन एलईडी पाहून ठेवले आहेत. पहिल्याच्या खोक्यावर 900 लुमेन, 6500 केल्विन (उजेडाची छटा) आणि सीआरआय 80 असे छापले आहे; दुसऱ्यावर 806 लुमेन, 4000 केल्विन आणि सीआरआय 90. दुसऱ्याची किंमत जवळपास दुप्पट आहे. तेवढ्याच विजेत उजेड जास्त मिळतो म्हणून दुकानदार पहिला सुचवतात. या आकड्यांपैकी आमच्या कामाला महत्त्वाचा कोणता?

निऑन
तुमच्या कामासाठी सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे 100 पैकी सांगणारा आकडा. वॅट म्हणजे दिवा किती वीज घेतो आणि लुमेन म्हणजे त्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो, हे आपण जाणताच. पण लुमेन मोजताना प्रत्येक रंगाच्या प्रकाशाला सारखे वजन दिले जात नाही. माणसाचा डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला, म्हणजे 555 नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत संवेदनशील असल्यामुळे त्या भागाला सर्वाधिक वजन मिळते आणि गडद लाल प्रकाश कितीही असला तरी लुमेनच्या आकड्यात त्याची भर नगण्य पडते. पांढरा एलईडी हा बहुधा निळी चिप आणि तिच्यावरचा पिवळसर फॉस्फर (निळ्या प्रकाशाचे इतर रंगांत रूपांतर करणारा थर) यांचा मेळ असतो. त्यात लाल भाग वाढवला की रंग खरे दिसू लागतात, पण लुमेन घटतात. तुमच्या दुसऱ्या दिव्याचे 94 लुमेन बहुधा तिथेच खर्च झाले आहेत, आणि मरून धागा ओळखायला नेमका तोच लाल भाग हवा असतो.

सीआरआयलाही मर्यादा आहे. तो आठ फिकट रंगनमुन्यांची सरासरी असतो आणि गडद लाल, ज्याला आर-9 म्हणतात, त्या आठांत नाही. खोक्यावर आर-9 वेगळा दिला असेल तर तो अवश्य पाहावा. जुन्या पिवळ्या बल्बचा सीआरआय 100 च्या जवळ असे, त्यामुळे वीज खाणाऱ्या त्या बल्बखाली लाल रंग उठून दिसत.

ओटीवरचा
वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र महागडा दिवा छताला लावू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तुमची खोली साधारण 11 चौरस मीटरची आहे. 900 लुमेन सगळेच्या सगळे जमिनीवर पडले तरी सरासरी 80 लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन) होतील, आणि भिंती, छत व झुंबराची काच यांनी गिळलेला वाटा वजा जाता प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच मिळतील. बारीक कामाला किमान 300 लक्स तरी हवेत. उलट 400 लुमेनचा छोटा दिवा, खाली उजेड टाकणाऱ्या टोपीसह, कापडापासून अर्ध्या मीटरवर ठेवला तर तेवढ्या जागेवर पाचशेच्या आसपास लक्स सहज मिळतात. तोच एक मीटरवर नेला की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून छताला साधा दिवा ठेवावा आणि सीआरआय 90 चा दिवा टेबललॅम्पमध्ये, हाताजवळ लावावा.

सांजवात
मनःपूर्वक आभार. टेबललॅम्प घेतला तर विजेच्या बिलात फरक पडेल का? आणि तारांकित लेबल पाहावे का?

निऑन
5 वॅटचा दिवा रोज चार तास लावला तर वर्षाला सव्वासात युनिट होतात, एवढेच. ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे प्रामुख्याने लुमेन प्रति वॅट या प्रमाणावर ठरतात. रंग किती खरे दिसतील हे ताऱ्यांवरून कळत नाही. साठ वॅटचा जुना बल्ब काढून एलईडी लावताना वीजबचतीचा विचार निर्णायक असतो, पण दोन्ही दिवे एलईडीच असतील तर एखाद्या वॅटच्या फरकासाठी रंग गमावणे मला योग्य वाटत नाही.

ओटीवरचा
घेण्याआधी दुकानात दिवा लावून मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये पाहावा. ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा सेकंदाला 100 वेळा जोरात मंद-प्रखर होत आहे, आणि तासन्‌तास सुईवर नजर ठेवणाऱ्या व्यक्तीसाठी असा दिवा नाकारावा, मग त्याचा सीआरआय कितीही असो. धाग्यांची दोन रिळेही सोबत न्यावीत.