रोजच्या आमटीला वाटी-चमचा कशाला?

पेठकर
आमच्या सोसायटीत हल्ली जो तो फोन ओट्यावर टेकवून भाजी फोडणीला टाकतो. सणावारच्या पदार्थांबद्दल माझं काही म्हणणं नाही, भांडण आहे ते रोजची आमटी-भाजी मापून करणाऱ्यांशी. आमसुलं नवी की गेल्या वर्षीची, यावर आमटीत ती किती घालायची ते ठरतं, आणि गूळ त्या आंबटावर. माझ्या डब्यात कुठली आमसुलं आहेत, हे कृती लिहिणाऱ्याला कसं कळणार? शिवाय फोनकडे डोळे लावून बसलेला माणूस मधे चव बघायचंच विसरतो. आमटी अळणी आहे हे त्याला पानावर बसल्यावर कळतं. बोला.

गोळीबंद
बोलते. तुम्हाला हा अंदाज आला कुठून? घरात कुणीतरी रोज तुमच्यासमोर करत होतं म्हणून. मी हॉस्टेलमधून थेट कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले. सासूबाईंना विचारलं की उत्तर यायचं, "मूठभर घाल." कुणाची मूठ? कमलाबाई ओगले यांनी 1970 साली 'रुचिरा'त सगळं वाटी-चमच्यात बसवलं, ते माझ्यासारख्यांसाठीच. शिकवणारं माणूस घरात नसेल, तर अंदाजपंचे करून फक्त किराणा वाया जातो.

कर्वेनगर डबा
माझा डब्यांचा व्यवसाय आहे. मीठ, तिखट, गोडा मसाला, सगळ्याची मापं ठरलेली. मदतीला येणाऱ्या बायका बदलतात, चव बदलून चालत नाही. कणकेला मात्र माप नाही. पावसाळ्यात पीठ दमट, त्याला पाणी कमी लागतं, आणि तेच पीठ मे महिन्यात पाणी पीत राहतं. पेठकर, दोन-चार माणसांचं करता म्हणून तुमचं जमतंय. पंचवीस पानांच्या आमटीत डोळ्यांनी मीठ टाकून दाखवा. भांडं मोठं झालं की अंदाज फसतो.

पेठकर
पंचवीस पानं आता घरी वाढतं कोण, काकू? हॉल घेतात लोक.

आंबेमोहोर
मापवाल्यांना एक प्रश्न. उकडीच्या मोदकांना एक वाटी पिठीला पाणी किती? कुणी एक वाटी सांगतं, कुणी सव्वा, कुणी दीड. खोटं कुणीच बोलत नाही, प्रत्येकाचा तांदूळ वेगळा. नव्या तांदळाला पाणी कमी, जुन्याला जास्त. कृती तोंडपाठ असूनही पारी फुटते ती यामुळेच. ज्याचा हात बसलाय तो उकड गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळतो, लाडवाएवढा गोळा दाबून बघतो, कडेला चिरा गेल्या तर आणखी मळतो. हे कुठल्या कृतीत लिहितात?

गोळीबंद
तुम्ही आत्ता लिहिलंत की! 'कडेला चिरा गेल्या तर आणखी मळा', झाली कृती. वाईट कृतीत ते नसतं, चांगलीत असतं.

आणि पेठकरांनी सणावारच्या पदार्थांना सुरुवातीलाच सूट देऊन ठेवली, फारच सोयीचं. अनारशात गूळ अंदाजे घाला आणि कढईत हसलेला, म्हणजे तुपात फुटून पसरलेला, अनारसा बघत बसा. चकलीत मोहन जास्त झालं तर ती तेलात विरघळते, कमी पडलं तर कडक होते. आकडेसुद्धा डोळे मिटून घ्यायचे नसतातच. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचावर आहे, इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. समुद्रकाठच्या कुणी लिहिलेला पाकाचा आकडा इथे जसाच्या तसा पाळला, तर पाक पुढे जातो. दोन अंश आधी गॅस बंद करायचा. कारण माहीत असलं की आकडा बदलता येतो, पण बदलायला आधी आकडा लागतो ना?

फोडणीची पोळी
माझी कृती कुठल्या पानावर आहे म्हणे?

पेठकर
बघा! आणि पाक बोटांत धरून तार बघणाऱ्या बाईला 560 मीटर कधी ठाऊक असायची गरज पडली नाही. हातात सगळं असतं.

गोळीबंद
त्या हाताला चटके बसायचे, तेही धरा हिशेबात. आणि 'बाईला'च का? ज्यांचा फोन तुम्हाला खुपतो, त्यांत पुरुष किती आहेत ते बघा जरा. 'मला काही अंदाज नाही बुवा' म्हणत पिढ्यान्‌पिढ्या ओट्यापासून लांब राहिलेली मंडळी फोन बघून का होईना उभी राहतायत, तर त्यांना हिणवू नका.

कर्वेनगर डबा
हे पटलं. बरं, अनारशाचं माप टाक ना.

गोळीबंद
तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. निथळून कपड्यावर पसरा आणि थोडे दमट असतानाच दळा. पिठाच्या वजनाइतका चिरलेला गूळ घाला. वाटी नको, दमट पीठ वाटीत कमी-जास्त दाबलं जातं. वजनकाटाच घ्या.

पेठकर
लक्ष्मी रोडवरून सराफाचा आणतो मग.