मदत हवी आहे: कार्डावरची डबलबारी प्रीमियरमध्ये घेतली की फायलींच्या सांध्यावर ठेका तुटतो

पखवाजवाल्याची लेक

नमस्कार मंडळी. २०१२ साली भांडुपला आमच्या वाडीतल्या लोकांनी डबलबारीचा, म्हणजे दोन भजनी बुवांच्या जुगलबंदीचा, सामना ठेवला होता. आमच्या बुवांच्या मागे पखवाजावर माझे बाबा होते. ओळखीतल्या एका दादांनी ट्रायपॉडवर कॅमकॉर्डर लावून जवळपास तीन तासांचं शूटिंग केलं. बाबांच्या वादनाचं आमच्याकडे असलेलं हे एकमेव चित्रण. आता त्यांची बोटं वाताने आखडली आहेत, पखवाज खुंटीला आहे.

यंदा गणपतीला गावी सगळं भजनी मंडळ जमणार आहे. तिथे हे मोठ्या पडद्यावर लावायचं ठरलंय. तुतारी एक्सप्रेसची तिकिटं झाली आहेत, हाताशी अडीच आठवडे आहेत.

भावाने पूर्वी कधीतरी कार्डावरून व्हिडिओ हार्ड डिस्कवर घेऊन ठेवला होता. एकूण १२ एमटीएस फायली (कॅमकॉर्डरच्या व्हिडिओ फायली) आहेत. बहुतेक २ जीबीच्या आसपास, आठवी १.१ जीबी, शेवटची त्याहून लहान. भावाने त्यांना 'बाबा ०१', 'बाबा ०२' अशी नावं दिली आहेत. मी त्या प्रीमियर प्रो या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून आणल्या आणि टाइमलाइनवर एकापुढे एक लावल्या. चित्र ठीक दिसतं. पण जिथे एक फाईल संपून दुसरी सुरू होते तिथे आवाज क्षणभर नाहीसा होतो. निवेदन चालू असेल तर कळणारही नाही, पण गजर रंगात आलाय, झांज आणि पखवाज द्रुत लयीत आहेत, आणि मधूनच एक घाव गायब. आधीच्या फायलीचा आवाज पुढच्यात विरघळवून पाहिला, तर घाव आणखी पुसट झाला. मधली फट बंद करून फायली जवळ सरकवल्या, तर तिथली मात्राच आखूड झाली.

परवा बाबांना हेडफोन लावून ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या सांध्याला म्हणाले, "गो, हयसर ठेको तुटता." मी म्हटलं, बाबा, तो कॉम्प्युटरचा दोष आहे. तर म्हणाले, "नाय गो, माझोच हात चुकलो आसतलो." त्यांनी पुढे ऐकलंच नाही. त्यांचा हात चुकलेला नाही हे मला त्यांना त्यांच्याच कानांनी ऐकवायचं आहे. काय करू?

रात्रपाळी

प्रीमियरऐवजी डाविंची रेझॉल्व्ह वापरा. फुकट आहे.

घाटकोपरचा एडिटर

ताई, घाई करून सॉफ्टवेअर बदलू नका. या जातीच्या कॅमेऱ्यांत आवाज बहुधा डॉल्बी डिजिटलमध्ये असतो, आणि अशा एमटीएस फायली रेझॉल्व्हमध्ये घेतल्या की पुष्कळदा चित्र येतं, आवाज येत नाही. तुमचं तर सगळं कामच आवाजाचं आहे.

तुमचा दोष कुठे आहे ते मला दिसतंय. लग्नाच्या शूटिंगमध्ये मी हेच निस्तरत आलोय. कॅमेरा एव्हीसीएचडी आहे. सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणलेली ही पद्धत. कार्डाची मांडणी फॅट३२ असते आणि तिथे ४ जीबीहून मोठी फाईल मावतच नाही. म्हणून कॅमेरा शूटिंग न थांबवता फाईल तोडतो. काही कॅमेरे ४ जीबीला तोडतात, तुमचा २ जीबीला तोडत असावा. सेकंदाला १७ मेगाबिटच्या दर्जावर हे साधारण दर सोळा मिनिटांनी घडतं.

तोडताना कॅमेरा ताल पाहत नाही, आकार पाहतो. डॉल्बीचा आवाज ३२ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बांधलेला असतो, चित्राची चौकट ४० मिलिसेकंदांची. एखाद्या तुकड्याचा अर्धा भाग पहिल्या फाईलच्या शेवटी जातो आणि अर्धा दुसरीच्या सुरुवातीला. दोन्ही फायली सुट्या उघडल्या की सॉफ्टवेअरला दोन्हीकडे अपुरा तुकडा दिसतो आणि ते तो टाकून देतं. असे एकदोन तुकडे गेले की द्रुत लयीत पखवाजाचा एक घाव सहज जातो. बाबांचा कान बरोबर आहे. ठेका तुटतोय, पण हातामुळे नाही.

या फायली एकाच चित्रणाचे तुकडे आहेत ही माहिती कार्डावरच असते, पण ती एमटीएसमध्ये नसते, शेजारच्या फोल्डरांत असते. 'बीडीएमव्ही'मध्ये 'स्ट्रीम', 'क्लिपइन्फ' आणि 'प्लेलिस्ट' असे तीन फोल्डर असतात. तुमच्या भावाने फक्त 'स्ट्रीम'मधला माल उचलला, आणि वर नावंही बदलली. बहुतेक सगळे हेच करतात, कारण बाकीच्या फोल्डरांत बघण्यासारखं काही दिसत नाही.

मूळ कार्ड आहे का? असेल आणि कोणी फॉरमॅट केलं नसेल तर काम सोपं आहे.

एक विचारायचंय. आठवी फाईल १.१ जीबीच का? आकारामुळे तुटली असती तर तीही २ जीबीची असती.

पखवाजवाल्याची लेक

दादा, तुमचं उत्तर मी बाबांना वाचून दाखवलं. ३२ मिलिसेकंदांचं कळलं की नाही माहीत नाही, पण पुन्हा वाचायला लावलं.

कार्ड सापडलं! आईने सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवलं होतं. लॅपटॉपला लावलं तर विंडोज म्हणतं, ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करू का? हो म्हणू का?

घाटकोपरचा एडिटर

नको! आधी नक्कल, दुरुस्ती नंतर. कार्ड काढा, बाजूची बारीक कळ कुलूपाच्या दिशेला सरकवा म्हणजे त्यावर काही लिहिलं जाणार नाही, आणि मग पुन्हा लावा. तोच प्रश्न आला तर खिडकी बंद करा. कार्ड उघडून दिसेल ते सगळं, अगदी वरच्या 'प्रायव्हेट' फोल्डरापासून, हार्ड डिस्कवर एका नव्या फोल्डरमध्ये घ्या. एकही नाव बदलू नका, रिकामी वाटणारी फोल्डरंही सोडू नका. नंतर दोन्हीकडचा एकूण आकार आणि फायलींची संख्या जुळते का ते बघा. मग हीच नक्कल दुसऱ्या डिस्कवर. इतकी वर्षं डब्यात पडून राहिलेल्या कार्डावर विसंबू नये. नक्कल मध्येच अडली तर कार्ड रीडर बदलून बघा. पुष्कळदा कार्ड नीट असतं आणि रीडरच खराब निघतो.

प्रीमियरमध्ये फायली ओढून आणू नका, फाईल मेनूतून इम्पोर्टही नको. मीडिया ब्राउझर उघडा, त्यातून नव्या फोल्डरापर्यंत जा. फोल्डरांची मांडणी शाबूत असेल तर तिथे १२ फायलींऐवजी सलग क्लिप दिसतील. त्यावर राइट क्लिक करून इम्पोर्ट करा. मग तीच क्लिप नव्या सिक्वेन्सच्या बटणावर टाका, म्हणजे इंटरलेसची (चौकटीच्या एकाआड एक ओळी दोन पाळ्यांत घेण्याची) सेटिंग आपोआप जुळतील. आपल्याकडचे कॅमेरे बहुधा ५०आय, वरची ओळ आधी.

कणकवलीकर

कार्ड गेलेलंच असेल तर आणखी एक वाट आहे, पुढे कोणाला लागेल म्हणून लिहितो. सलग शूटिंगच्या फायली विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून 'कॉपी' आज्ञेला 'स्लॅश बी' जोडून, क्रमाने, मध्ये अधिकचं चिन्ह देत एका फाईलमध्ये चिकटवायच्या. यात रूपांतर होत नाही, बाइटला बाइट जोडला जातो, त्यामुळे अर्धवट तुकड्यांची भेट होते. मात्र क्रम चुकता कामा नये, आणि जोडलेली फाईल ४ जीबीच्या वर जाते म्हणून डिस्कची मांडणी फॅट३२ नको, एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवी. पण मीडिया ब्राउझरने काम झालं तर याची गरज नाही.

ताई, बाबांना नमस्कार सांगा. डबलबारीच्या रात्री मांडवाच्या दांडीला टेकून जागवणाऱ्यांपैकी मीही एक.

पखवाजवाल्याची लेक

झालं! २१ जीबीहून थोडं जास्त होतं. नक्कल एकदा नवव्या फाईलला अडकली. शेजारच्या फोटो स्टुडिओतल्या काकांनी त्यांचा रीडर दिला, तेव्हा पूर्ण झाली. मीडिया ब्राउझरमध्ये १२ फायलींच्या जागी दोन क्लिप दिसल्या. पहिलीत एक ते आठ, दुसरीत नऊ ते बारा. ११ सांध्यांपैकी १० एकदम सांधले गेले. हेडफोन लावून, टाइमलाइनवरच्या आवाजाच्या लाटांकडे बघत एकेक सांधा तपासला. कुठेच फट नाही.

आठवीचं कोडंही सुटलं. ज्यांनी शूटिंग केलं त्या दादांना फोन केला. गवळण संपल्यावर चहाला गेलो होतो तेव्हा कॅमेरा थांबवला होता, म्हणाले. परत येऊन सुरू केला तेव्हा गजर आधीच लागला होता.

रात्री जेवणं झाल्यावर बाबांना बसवलं. तिसऱ्या सांध्याजवळ आलो तेव्हा मी काही बोलले नाही. त्यांचा उजवा हात मांडीवर ठेका धरत होता, तो तिथे न अडखळता पुढे गेला. थोड्या वेळाने म्हणाले, "मागे घी." ती दोन मिनिटं चार वेळा ऐकली.

आठव्या-नवव्याच्या मधली फट तशीच राहणार, ते चित्रणच नाही. मी तिथे पडदा काळा करून पुढे जायचं म्हणत होते. बाबा म्हणाले, थांब, आणि त्या गजराची उठान, म्हणजे सुरुवातीचे पखवाजाचे बोल, तोंडाने म्हणून दाखवली. बोल सगळे पाठ आहेत. आता फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून काळ्या पडद्यावर लावायचा विचार आहे. फोन म्हणतो ४४.१ किलोहर्ट्झ, कॅमेऱ्याचा आवाज ४८. हे प्रीमियरमध्ये तसंच चालेल, की आधी बदलून घेऊ?

घाटकोपरचा एडिटर

तसंच चालेल, सिक्वेन्सच्या हिशेबाने प्रीमियर स्वतः बदलून घेतं. फोन वीतभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा, आणि बाबांना दोनदा म्हणायला सांगा.